गाडीच्या काचा आणि माझी हिशेबाची वही



मागच्या वेळी उन्हाळी कामांबद्दल लिहिलं, तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणींनी विचारलं होतं की आता पुढे काय, लोणची की मुरंबे? आज त्यातलं काहीच नाही. आज गाडीच्या काचा. हसू नका. गाडीची डागडुजी हा पुरुषांचा विषय असं मीही साठ वर्षं मानत आले. पण त्या गाडीत आपण बसतो, आपली लेकरं बसतात, आणि काचेवर हातही त्यांचेच असतात. म्हणून लिहिते आहे.

गेल्या मे महिन्यात मुलगा, सूनबाई आणि पाच वर्षांचा नातू सुट्टीला पुण्याहून आले. त्यांना घ्यायला आम्ही दोघं नांदुरा स्टेशनवर गेलो. येताना हे गाडी चालवत होते, मुलगा त्यांच्या शेजारी. मागे मी, मध्ये सूनबाई आणि उजव्या खिडकीशी नातू. पूर्णेचा पूल मागे टाकला आणि पुढे कुटाराने भरलेली ट्रॉली लागली. धूळ आणि कुटार आत यायला लागलं. ह्यांनी मागे न पाहता आपल्या दारावरचं बटन दाबून मागची काच चढवली. त्या काचेच्या कडेवर नातवाची चार बोटं होती.

तो बाहेर बघण्यात दंग. काच आपली रखडत, कण्हत वर चालली होती. बोटं वरच्या चौकटीला टेकली तेव्हा तो ओरडला. सूनबाईने दोन्ही तळव्यांनी काच खाली दाबली, मी "अहो सोडा, सोडा" म्हणून किंचाळले, ह्यांनी बटन सोडलं. बोटांवर लाल वळ उठला, एवढ्यावर निभावलं. घरी येईपर्यंत गाडीत कोणी एक शब्द बोललं नाही.

रात्री मुलगा म्हणाला, "बाबा, काढून टाका आता ही गाडी." हे म्हणाले, "म्हातारी झाली खरी." मी गप्प होते. माझ्या डोक्यात दोन विचार एकमेकांशी भांडत होते. एक म्हणजे, काच हळू होती म्हणून बोटं वाचली. नव्यासारखी झपकन चढली असती तर? आणि दुसरा, या काचा हळू झाल्यात हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. पुढच्या दोन काचा आणि मागची उजवी रखडत चढायच्या. मागची डावी तर वाकडीच चढायची, एक कोपरा वर, एक खाली, आणि फटीतून पावसाचं पाणी आत. "चालतंय तोवर चालू द्या," असं म्हणत मीच ते चालवून घेतलं होतं.

गाडी आमची २००९ सालची. घेतली तेव्हा ४ लाखांची होती. २०२४ मध्ये १५ वर्षं झाली, तेव्हा ५,००० रुपये शुल्क भरून आणखी ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. सासूबाईंना तपासणीला खामगाव-अकोल्याला न्यायचं, कधी शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जायचं, एवढाच तिचा वापर. इंजिन ठणठणीत. मोठ्या शहरातल्या एका गॅरेजात मागे काचा दाखवल्या होत्या. त्यांनी दार न उघडताच सांगितलं, "चारही मोटरी गेल्या, मशीनसकट सेट बदला. एका दाराचे ३,२०० धरून १२,८०० रुपये." हे ऐकून हे तसेच परत आले होते.

मी १९८२ सालची बी.कॉम. नोकरी केली नाही, पण घरातली हिशेबाची वही गेली चाळीस वर्षं माझ्याच हातात आहे. कॉलेजात एक सवय लागली, की आकडा तपासल्याशिवाय खर्च टाकायचा नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी वही, पेन आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन मी गाडीत जाऊन बसले. शेजारच्या वहिनी कुंपणावरून बघत होत्या!

प्रत्येक काच खाली-वर करायला किती सेकंद लागतात ते लिहिलं. आधी इंजिन बंद ठेवून, मग सुरू करून. पुढची डावी काच इंजिन बंद असताना १२ सेकंदांत वर आली, इंजिन सुरू असताना ९ मध्ये. मागची उजवी १४ आणि १०. खाली मात्र सगळ्या ४-५ सेकंदांतच जात होत्या. ही वही घेऊन मी आमच्या गावातल्या मिस्त्रीभाऊंकडे गेले. त्यांचं दुकान म्हणजे एक टपरी आणि पुढे निंबाचं झाड. वही पाहून ते आधी हसले, मग वाचायला लागले, आणि मग उठून गाडीशी आले.

त्यांनी मला जे शिकवलं ते तुम्हालाही सांगते. यातल्या परीक्षा कोणतीही बाई घरी करू शकते.

काच हळू चढण्याची कारणं ढोबळ दोन. एक तर मोटरला पुरेसा करंट मिळत नाही, नाहीतर काचेला वर जायला कोणीतरी अडवतंय. इंजिन बंद असताना बॅटरी साधारण साडेबारा व्होल्ट देते, सुरू असताना चौदाच्या आसपास मिळतात, म्हणून तेव्हा काच थोडी जोरात चालते. हे सगळ्याच गाड्यांत होतं, त्याला दोष म्हणू नये.

दुसरी परीक्षा. एकीने बटन दाबायचं आणि दुसरीने काचेला दोन्ही बाजूंनी तळवे लावून वर जायला हलकीशी मदत करायची. हात अर्थातच काचेच्या सपाट भागावर, कडेवर नाही. मदत मिळताच काच सरसर चढली तर मोटर जिवंत आहे, वाट अडलेली आहे. आमच्या तिन्ही काचा अशा चढल्या.

तिसरी परीक्षा संध्याकाळच्या अंधारात. हेडलाइट लावून बटन दाबा. दिवे किंचित मंद झाले आणि काच हलली नाही, तर करंट पोचतोय पण काच अडकली आहे. दिवे मंद होत नाहीत, आवाजही नाही, तर दोष बहुधा फ्यूजमध्ये, बटनात किंवा वायरीत. दार आणि गाडीच्या मध्ये रबराची एक नळी दिसते ना, तिच्यातून वायरी जातात. दार हजारो वेळा उघडून-मिटून त्या तिथेच तुटतात. एखादी काच चालकाच्या बटनाने चालत नाही पण तिच्या स्वतःच्या दारावरच्या बटनाने चालते, तर मोटरीला दोष देऊ नये, बटन तपासावं.

आणि एक. लेकरांनी बटनाशी खेळून काच खाली-वर, खाली-वर केली आणि ती मध्येच बंद पडली, तर घाबरू नका. मोटर तापली की स्वतःच थांबते, थंड झाली की पुन्हा चालते.

सगळं तपासून मिस्त्रीभाऊ म्हणाले, "मोटर चांगली हाये काकू. रबर वाळलं, एवढंच."

काच दाराच्या चौकटीत ज्या खाचेतून वर-खाली होते, तिला चॅनल म्हणतात. तिला आतून रबर असतं आणि रबरावर मखमलीसारखी मऊ लव. आपल्याकडचा उन्हाळा, काळ्या मातीची धूळ आणि वर कापसाचे तंतू! ती लव झिजली होती, रबर उन्हाने कडक झालं होतं आणि खाचेत धुळीचा थर बसला होता. बिचारी मोटर काच उचलत नव्हती, ओढून काढत होती.

हे काम मी घरी केलं. काच पूर्ण खाली घेतली. गाडीची चावी काढून ठेवली. लाकडी पट्टीला जुन्या सुती लुगड्याचं फडकं गुंडाळलं, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलं आणि खाचेतून वरपासून खालपर्यंत फिरवलं. पहिलं फडकं काळं कुळकुळीत निघालं. दुसरंही. पाचव्या फडक्याला रबराचा रंग दिसला. मग कोरडं करून तासभर वाळू दिलं, आणि सिलिकॉन स्प्रेची बारीक नळी खाचेत घालून दोन्ही उभ्या बाजूंना आणि वरच्या बाजूला हलका फवारा मारला. काच आठ-दहा वेळा खाली-वर केली, काचेवर आलेला चिकटपणा पुसून घेतला.

हे म्हणाले होते, "शिलाई मशीनचं तेल घाल की." तसं मुळीच करू नका. तेलाने आणि ग्रीसने रबर फुगतं, सैल पडतं, आणि तेलावर धूळ बसली की तिची खळ होते. आठ दिवस काच छान चालते आणि मग आधीपेक्षा जास्त अडते. रबराला सिलिकॉन आणि आतल्या लोखंडी मशीनला ग्रीस, ही वाटणी पक्की लक्षात ठेवायची.

संध्याकाळी पुन्हा वही उघडली. इंजिन सुरू ठेवून पुढची डावी ६ सेकंद, मागची उजवी ५. पुढच्या डाव्या चॅनलचं रबर एका जागी फाटलेलं निघालं. ते मिस्त्रीभाऊंनी ४५० रुपयांत नवं आणून बसवलं, मग तीही ५ वर आली.

राहिली मागची डावी, वाकडी. ती मात्र घरचं काम नव्हतं. दार उघडावं लागतं, आणि आतल्या मशीनच्या दांड्यांत बोट सापडलं तर काचेपेक्षा वाईट. मी फक्त हाताखाली होते. मिस्त्रीभाऊंनी आधी बॅटरीची वायर सोडली. मग हँडलच्या खोबणीतले स्क्रू पेचकसाने काढले, कडेच्या प्लास्टिकच्या क्लिपा एकेक सोडवून दाराचं पॅड उतरवलं. काच रुंद चिकटपट्टीने वरच्या चौकटीला चिकटवून ठेवली, कारण बोल्ट सोडले की ती धाडकन आत पडते. ही काच कडक केलेली असते. सपाट बाजूला हात मारला तर काही होत नाही, पण कडेला टवका गेला तर एका क्षणात तिचे खडे होतात.

आतलं मशीन पाहून मला मजा वाटली. इस्त्रीच्या घडीच्या टेबलाचे पाय असतात ना, फुलीसारखे, तशी ती कात्री. मोटर फिरली की कात्री उघडते आणि काच वर जाते. काही गाड्यांत कात्रीऐवजी तार आणि चाकं असतात, विहिरीच्या रहाटासारखी. त्यात कडकड आवाज आला तर तार तुटत आली असं समजावं. तिथे साफसफाईने भागत नाही, सेट बदलावाच लागतो. आमच्या कात्रीची पट्टी काचेला दोन बोल्टांनी धरून होती आणि त्यातला एक सैल झाला होता. दुखणं एवढंच! दोन्ही बोल्ट सैल करून त्यांनी काच हाताने वर चौकटीत नीट बसवली, दोन्ही कोपरे सारखे झालेत ना हे मला बाहेरून बघायला लावलं, आणि मग बोल्ट आवळले. जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. ते पुसून नवं लावलं.

दार उघडल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काचेवरून पाणी दारात उतरतंच, ते तसंच उतरायचं असतं, आणि दाराच्या खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. तो कागद पाणी गाडीत येऊ देत नाही. आमच्या दारातला कागद कोणीतरी पूर्वी अर्धा फाडून टाकला होता. पायपुसणं पावसाळ्यात ओलं का राहायचं ते मला तेव्हा कळलं. जाड प्लास्टिक कापून तो पुन्हा चिकटवला.

खालची भोकंही बुजलेली. एकात कुंभारणीने मातीचं घर केलं होतं. मिस्त्रीभाऊ पेचकस घालणार, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला. तुम्ही जाणता. आधी टॉर्चने पाहिलं. घराला भोक पडलं होतं, आतला जीव केव्हाच उडून गेला होता. मग ओल्या कापडाने माती हलकेच काढली. भाऊ काही बोलले नाहीत, पण पुढची तीन दारं त्यांनी आपणहून टॉर्च लावूनच साफ केली. म्हणून सांगते, हे काम चातुर्मासाच्या आधी, कोरड्या दिवसांत उरका. ओल झाली की तिथे काय काय वस्तीला येतं!

आता हिशेब. सिलिकॉन स्प्रे ३५०, चॅनलचं रबर ४५०, ग्रीस ६०, तुटलेल्या क्लिपा ८०, चिकटपट्टी आणि प्लास्टिक ४०, मजुरी ५००. एकूण १,४८० रुपये. १२,८०० मधून वजा करा. मुलाला वहीच्या पानाचा फोटो पाठवला.

पण माझ्या पहिल्या विचाराचं उत्तर अजून मिळालं नव्हतं. काचा आता झपकन चढत होत्या. म्हणजे पुढच्या वेळी बोट सापडलं तर? नव्या कित्येक गाड्यांत मध्ये काही आलं की काच आपोआप परत खाली येते. आमच्या गाडीत ती सोय नाही. शिवाय जुन्या गाड्यांत काही बटनं अशी की लेकराने गुडघा टेकवला तरी काच चढावी. अमेरिकेत यावरून नियमच झाला, की बटन बोटाने वर ओढल्याशिवाय काच चढता कामा नये. म्हणजे काच दुरुस्त करून मी एक धोका घालवला आणि दुसरा ओढवून घेतला होता. तो धोका कुठलाही मिस्त्री काढणार नाही, तो सवयीनेच जाईल. म्हणून घरात नियम केले. चालकाच्या दारावर काचा लॉक करायचं बटन असतं, लेकरू गाडीत असलं की ते दाबलेलं हवं. काच चढवण्याआधी चालकाने मागे वळून मोठ्याने "हात आत!" म्हणायचं आणि सगळ्यांचे हात दिसल्याशिवाय बटनाला बोट लावायचं नाही. गाडीतून उतरताना चावी काढायचीच. पाच मिनिटांसाठीसुद्धा लेकराला गाडीत एकटं ठेवायचं नाही.

आणि पावसाचं. जुलै २०२३ मध्ये आपल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत कसं पाणी आलं होतं ते इकडच्या कोणी विसरणार नाही. गाडी पाण्यात सापडली तर बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही. काच मात्र सुरुवातीचा थोडा वेळ चालते. म्हणून दाराशी झटत बसू नये, आधी काच खाली करावी. चावी बंद केली की बहुतेक गाड्यांत काचाही बंद होतात, तेही लक्षात असू द्या. काच फोडायची टोकदार हातोडी मिळते. ती डिकीत नको, हात पोचेल अशी ठेवा. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नका.

सगळं झाल्यावर सासूबाईंना गाडीत बसवून एक फेरी मारली. त्या ८६ वर्षांच्या. दोन वर्षं आम्ही सगळे म्हणत होतो की त्यांना ऐकू येत नाही, वय झालं. मोठ्याने बोलायचो, मग कंटाळून बोलणंच कमी केलं. काचांचं काम झाल्यावर माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी त्यांना खामगावला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोन्ही कानांत मळ दगडासारखा बसला होता. थेंब घालून, पुन्हा बोलावून डॉक्टरांनी तो काढला. परत येताना त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे एवढे ओरडता कशाला गं?" मी खिडकीकडे तोंड फिरवलं. दोन वर्षं, मैत्रिणींनो. त्या आमच्यात बसून एकट्या होत्या, आणि आम्ही दार न उघडताच मोटर गेली म्हणून सांगून मोकळे झालो होतो.

घसारा काढायची घटत्या शेषाची पद्धत मी कॉलेजात शिकले. दर वर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के कमी करत जायचं. आमच्या ४ लाखांच्या गाडीची किंमत १५ वर्षांनी वहीत सुमारे ३५ हजार उरते. पण या पद्धतीत तुम्ही कितीही वर्षं वजा करत राहा, शेष शून्य होत नाही. तेव्हा ते फक्त परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

दिवाळीला मुलं पुन्हा आली. नांदुरा स्टेशनवर सामान ठेवलं, सगळे बसले. ह्यांनी चावी फिरवली आणि सवयीने बटनाकडे हात नेला. मागून आवाज आला, "आजोबा, थांबा! आधी म्हणा ना!" आणि त्याने स्वतःच दोन्ही हात वर करून दाखवले, "हात आत!"

ह्यांनी मागे वळून पाहिलं, आणि मगच बटन दाबलं.